सुया कोणाच्या हाती?

डिसेंबर उजाडला की पुण्या-नाशकापासून नागपूरपर्यंत आपल्या बहुतेक शहरांत मोक्याच्या रस्त्यांच्या कडेला तिबेटी विक्रेत्यांची दुकाने उभी राहतात आणि तेथे टांगलेल्या रंगीबेरंगी स्वेटरांपुढे, भावाची घासाघीस करीत, मध्यमवर्गीय कुटुंबे घटकाभर रमतात. त्यांतला बराचसा माल लुधियानाच्या कारखान्यांत यंत्रावर निघालेला असतो हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्यालाही बहुधा ठाऊक असते, आणि तरीही खरेदी आटोपून परतताना त्या कुटुंबातील कोणीतरी, बहुतेक वेळा पन्नाशी उलटलेला गृहस्थ, सुस्कारा सोडून म्हणतोच, की आमच्या आईच्या हातच्या स्वेटरची सर याला नाही. हा सुस्कारा खोटा नसतो. तथापि त्याची थोडी उलटतपासणी करावी असे मला वाटते. कारण ज्या गोष्टीच्या लोपाबद्दल आपण इतके हळहळतो ती नेमकी काय होती, ती कोण करीत असे, आणि ती पुढे चालवण्याची जबाबदारी आपण कोणावर टाकून मोकळे झालो, या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्या सुस्काऱ्यात नसते.

महाराष्ट्रात सुयांवरचे विणकाम थंडीच्या गरजेतून जन्मलेले नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. थंडीवर आपला जुना उपाय म्हणजे घोंगडी: दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीच्या सुताची, मागावर विणलेली आणि चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली, आणि ज्याच्यापाशी घोंगडीही नसे त्याची रात्र शेकोटीपाशी निघत असे. दोन सुया आणि लोकरीचा गुंडा यांचा आपल्या घरांत प्रवेश झाला तो एकोणिसाव्या शतकात, मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांतून आणि इंग्रज मडमांच्या संगतीतून. पुढे शिवण व भरतकाम यांच्या जोडीने त्यालाही सुशिक्षित स्त्रीच्या अंगी असावयाच्या कलांमध्ये स्थान मिळाले, आणि पाहता पाहता ही परकी विद्या इतकी घरची झाली, की बाळंतविड्यातील झबली-टोपड्यांबरोबर लोकरीचे मोजे आणि कानटोपी नसेल तर आत्या-मावश्यांच्या कर्तव्यात कसूर झाली असे मानले जाऊ लागले. मऊ लोकर आपल्या मेंढ्यांची नव्हे, ती कानपूरच्या लालइमलीसारख्या गिरण्यांतून, आणि पुढे लुधियानाहून येई. थंडी म्हणाल तर निफाडचे द्राक्षबागाईतदार किंवा गोंदियाकडचे लोक तिच्याविषयी अधिकाराने बोलू शकतील; परंतु जेथे लोकरीचा कपडा वर्षातून चार दिवसही अंगावर सोसवत नाही अशा मुंबईत, घामाने निथळणाऱ्या गर्दीत, उपनगरी गाडीच्या बायकांच्या डब्यात बसावयास जागा मिळताच पिशवीतून सुया काढणाऱ्या नोकरदार स्त्रियांच्या पिढ्या होऊन गेल्या, त्या काही थंडीच्या धाकाने विणीत नव्हत्या.

यंत्रामुळे हे विणकाम बुडाले हा युक्तिवादही तितकासा टिकत नाही. मोजे विणण्याचे यंत्र विल्यम ली नावाच्या इंग्रजाने १५८९ साली बनवले. म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्माच्या चार दशके आधी. आपल्या देशात सुयांवरचे विणकाम आले तेव्हा यंत्रावर विणलेला कपडा जगात दोन-अडीचशे वर्षे जुना झालेला होता. तेव्हा स्वस्त, सफाईदार आणि तयार असा पर्याय बाजारात असतानाच ही विद्या घरोघर पसरली. आणि म्हणूनच तिचे प्रयोजन ऊब आणि काटकसर यांपलीकडे कोठेतरी शोधावे लागते.

ते प्रयोजन समजून घ्यावयाचे तर विणणाऱ्या हातांजवळ थोडा वेळ बसावे लागते. मागावरच्या कापडात उभे सूत निराळे आणि आडवे सूत निराळे. सुयांवरच्या विणीत मात्र एकाच धाग्याचे फास एकमेकांत अडकवीत न्यावयाचे असतात, आणि प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या आधाराने उभा राहून वरच्याला आधार देत असतो. टाके दोनच, सुलट आणि उलट. साबुदाण्याची वीण असो, वेणी असो की जाळीची नक्षी असो, सगळा प्रपंच या दोहोंच्या क्रमातून आणि टाके वाढवण्या-घटवण्यातून उभा राहतो. बॉर्डर बारीक, बारा नंबरच्या सुयांवर. अंग त्याहून जाड, दहा नंबरच्या सुयांवर. मुंढ्याशी दोन्ही बाजूंनी टाके कमी करीत जावयाचे आणि गळ्याला अंदाज चुकला तर डोके आत जात नाही. शिंप्याचे काम चुकले तर शिवणीतील माया त्याला हात देते, विणणारीला ती सवलत नाही. तिने कपडा आणि कापड दोन्ही एकाच वेळी घडवावयाचे असतात, आणि म्हणून ज्याच्यासाठी विणावयाचे त्याचे शरीर तिला आधी नीट ठाऊक असावे लागते.

माझ्या एका आत्याचे विणणे मी लहानपणी नाशिकच्या वाड्यात फार जवळून पाहिले आहे. स्वेटरची पाठ अर्धी झाली की ती सुयांसकट आमच्या पाठीशी आणून लावी आणि म्हणे, "अरे, सरळ उभा राहा. हात वर कर. हलू नकोस, टाके गळतील." मग काखेत चार बोटे धरून ती वाढीचा हिशेब करी, मुलगा दोन हिवाळ्यांत किती उंच होईल, कोणाचा डावा खांदा किंचित उतरता आहे, कोणाला गळ्याशी लोकर टोचते, हे सर्व तिच्या बोटांना माहीत असे. परंतु बोटांवर तिची सर्वस्वी भिस्त नव्हती. तिच्यापाशी एक वही होती, शाईने रेघा मारलेली, आणि तीत घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे छातीचे माप, टाक्यांची संख्या, लोकरीचा रंग आणि साल अशी नोंद असे: अमक्याची छाती अडतीस, टाके एकशे बत्तीस, रंग राखी.

ती वही मोठेपणी माझ्या हाती आली तेव्हा तिचे खरे स्वरूप माझ्या ध्यानात आले. सातबाराच्या उताऱ्यावर ज्याप्रमाणे खातेदार, त्याचा हिस्सा आणि वेळोवेळी झालेले फेरफार यांची नोंद असते, त्याप्रमाणे त्या वहीत आमच्या कुटुंबाच्या नात्यांची वहिवाट नोंदली गेली होती. लग्न झाल्यावर पुढच्याच हिवाळ्यात जावयाचे नाव दाखल झालेले. सुनेचे मात्र तीन वर्षांनी, आणि तेही प्रथम केवळ मफलरीपुरते. वाटणीवरून ज्या चुलत्यांशी बोलणे बंद झाले होते त्यांचे नाव मधली सहा-सात वर्षे गायब. आणि मग एकाएकी, मागील मापाहून चार इंच अधिक अशी त्यांच्या छातीची नोंद, कारण मधल्या काळात माणसे स्थूल होतात. समेट कसा झाला, मध्यस्थी कोणी केली, कोण आधी कोणाच्या उंबऱ्याशी गेले, हे मला आजतागायत कोणी सांगितलेले नाही. परंतु तो कोणत्या साली झाला याचा लेखी दाखला त्या वहीत आहे. तेव्हापासून माझी अशी समजूत झाली आहे, की कोणत्याही घराचा इतिहास लिहावयाचा तर खरेदीखते आणि पत्रव्यवहार यांच्या इतकेच, कोणी कोणासाठी काय विणले आणि कोणासाठी विणले नाही, हेही विचारले पाहिजे.

या विद्येत एक सोय अशी आहे, की केलेले काम मागे घेता येते. एकाच धाग्याची वीण असल्यामुळे शेवटचा टाका मोकळा केला की सारा स्वेटर उसवता येतो. ती वेडीवाकडी झालेली लोकर लडी करून धुवावयाची, ओली असतानाच खाली वजन बांधून वाळत टाकावयाची म्हणजे तिचे वळ निघतात, आणि मग घरातल्या एखाद्या मुलाच्या पसरलेल्या दोन्ही हातांवर लडी अडकवून तिचा गुंडा करावयाचा. वडिलांचा कोपरांवर विरलेला स्वेटर अशा रीतीने थोरल्याचा होई, थोरल्याचा धाकट्याचा, आणि लोकर अपुरी पडल्यामुळे मध्ये एखादा परक्या रंगाचा पट्टा येई. तो पट्टा पाहून घरातील माणूस ही लोकर मूळची कोणाची हे सांगू शके. गुंडा करताना हात धरून बसण्याच्या त्या अर्ध्या तासात, हलण्याची मुभा नसल्यामुळे, मुलांना घरातल्या कितीतरी गोष्टी ऐकाव्या लागत, आणि त्यांतल्या कित्येक एरवी त्यांच्या कानांवर पडल्याच नसत्या.

यावरून विणकाम म्हणजे निव्वळ वात्सल्याचा झरा होता असे चित्र कोणी रंगवील तर तेही अर्धसत्यच ठरेल. विणलेली वस्तू ही भेट असते तशीच मागणीही असते. ती अंगावर घालून दाखवावी लागते, तिचा रंग नावडता असला तरी नावाजावा लागतो, आणि थोरल्या जावेच्या मुलाला नक्षीचा व धाकटीच्या मुलाला साधा असा भेद झाला तर त्याची चर्चा पुढली दहा वर्षे माजघरात चालू राहते. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की विणणे हा पुष्कळ स्त्रियांना बसण्यासाठी मिळालेला परवाना होता. दुपारी पुस्तक घेऊन बसलेल्या सुनेला हाक मारून उठवताना कोणाला संकोच वाटत नसे, परंतु तिच्या हातात सुया असल्या तर ती कामात आहे असे सर्वांस मान्य असे. आणि त्या मान्यतेच्या आडोशाने ती ओसरीवर बसू शके, शेजारणीशी बोलू शके, मनातल्या मनात चिडू शके आणि कोणाचेही न ऐकता स्वतःचा विचारही करू शके. नवी वीण शिकण्याच्या निमित्ताने वाड्यातल्या चार घरांत जाता येई. रस्त्यात एखाद्या अनोळखी माणसाच्या पाठीवर अपूर्व नक्षी दिसली तर टाके मोजीत त्याच्या मागे पावलेच्या पावले चालत जाणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत; तेवढ्यापुरते त्यांचे कुतूहल कोणत्याही परवानगीचे बांधील नसे. ज्या समाजात स्त्रीच्या विश्रांतीलाही उत्पादनाचे सोंग घ्यावे लागत होते, त्या समाजाच्या या कलेचे गुणगान करताना त्या सोंगाचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

सरकारदरबारी या कामाची किंमत काय होती, हेही एकदा पाहण्यासारखे आहे. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले, आपले जवान सुती गणवेशात हिमालयाच्या बर्फात उभे असल्याच्या वार्ता येऊ लागल्या, आणि देशभर स्त्रियांनी सोन्याबरोबरच लोकरीचे स्वेटर, मोजे आणि मफलरी देण्याचा सपाटा लावला. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण त्याच नोव्हेंबरात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचा अभिमान आपण अद्याप मिरवतो. त्या धावण्यात आपल्या गावोगावच्या महिला मंडळांनी विणलेल्या कपड्यांचाही वाटा होता, हे मात्र सांगावे लागते. त्या काही आठवड्यांत फावल्या वेळचा उद्योग एकाएकी राष्ट्रकार्य ठरला. आणि संकट टळताच पुन्हा फावल्या वेळचा उद्योग झाला.

आज या देशात रोजगाराची जी सरकारी पाहणी होते, तिच्या कोष्टकांत ९३ क्रमांकाचा एक संकेतांक आहे. घरकाम सांभाळून शिवाय घरच्या उपयोगासाठी सरपण-चारा गोळा करणे, शिवणे, विणणे अशी कामे करणाऱ्या व्यक्ती त्या संकेतांकाखाली नोंदल्या जातात, आणि इतकी तपशीलवार नोंद करून झाल्यावर त्यांची गणना श्रमशक्तीच्या बाहेर केली जाते. म्हणजे काम होते हे कारकुनाला मान्य आहे, परंतु ते करणारी कामकरी आहे हे मान्य नाही. २०१९ साली झालेल्या वेळेच्या विनियोगाच्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले, की घरातील विनामोबदला कामात भाग घेणारी स्त्री त्यात दिवसाची सरासरी २९९ मिनिटे घालवते आणि भाग घेणारा पुरुष ९७ मिनिटे. अशा पाहण्यांत स्वतःच्या घरासाठी वस्तू बनवण्याचा रकाना निराळा असतो आणि छंद व करमणूक यांचा रकाना निराळा असतो. नातवासाठी टोपडे विणीत बसलेल्या आजीला यांतील कोणत्या रकान्यात घालावयाचे, हा प्रश्न पाहणी करणाऱ्या बिचाऱ्या कर्मचाऱ्याला सुटणारा नाही, कारण ती दोन्हींत बसते. आणि दोन्हींत बसणारी गोष्ट व्यवहारात एकाही ठिकाणी धड मोजली जात नाही. माझ्या मते तिसरा रकाना असावयास हवा होता, नाती सांभाळण्याचा. पण तसा रकाना केला तर तो भरताना पुरुषांच्या नावापुढे काय लिहावयाचे ही अडचण उभी राहील.

आणि आपण येऊन थांबतो ते नेमके या अडचणीपाशीच. विणकाम हे स्त्रीस्वभावाचेच अंग आहे, अशी एक बिनदिक्कत समजूत आपल्याकडे आहे. तिला इतिहासाचा आधार नाही. युरोपातील शहरांत विणकरांचे जे संघ होते त्यांचे उस्ताद पुरुष असत, आणि स्ट्रासबर्गसारख्या ठिकाणी उस्तादाची सनद मिळण्यापूर्वी उमेदवाराला टोपी, मोजे, अंगरखा यांबरोबर नक्षीदार गालिचा विणून दाखवावा लागे. फ्रान्सच्या लांद प्रांतातील मेंढपाळ उंच काठ्या पायांस बांधून दलदलीत मेंढरे राखीत आणि राखता राखता मोजे विणीत. पेरू देशातील ताकिले बेटावर आजही नक्षीच्या टोप्या पुरुषच विणतात, मुलगे ती कला लहानपणीच शिकतात, आणि तेथील वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ साली मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. फार दूर कशाला, १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या प्रेरणेने जी शिक्षणयोजना मांडली गेली तीत हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा कणा मानला होता, आणि त्या शाळांत मुलगे मुलींच्या बरोबरीने टकळीवर सूत काढीत. त्यामुळे कोणाच्या पुरुषार्थास बाध आल्याचे ऐकिवात नाही.

तेव्हा हातचे विणणे मागे पडले याचा दोष यंत्राला, तिबेटी विक्रेत्यांना किंवा नोकरी करणाऱ्या सुनांना देण्याची जी सवय आपल्याला जडली आहे ती सोडली पाहिजे. एका ठराविक माणसाचे शरीर, त्याच्या आवडी, त्याची वाढ आणि त्याची व्यंगे मनात धरून महिनाभर त्याच्यासाठी हात चालवणे, हे या कामाचे सार होते. ते सार कुटुंबातल्या निम्म्या माणसांनी द्यावयाचे आणि उरलेल्यांनी घ्यावयाचे अशी विभागणी आपण केली, आणि देणाऱ्यांना इतर कामे मिळताच देणे आटले. यात अनपेक्षित असे काहीच नाही. उलट, जेथे ते सार कोणाला ओळखू येते तेथे सुया अद्याप थांबलेल्या नाहीत. स्तनाच्या कर्करोगामुळे शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांसाठी मऊ सुती धाग्याचे हलके कृत्रिम स्तन विणून ते विनामूल्य पोचवणाऱ्या स्वयंसेविका आज मुंबईत आहेत; ज्यांच्यासाठी त्या विणतात त्यांना त्यांनी बहुधा पाहिलेलेही नसते, परंतु माप मात्र विचारलेले असते. लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या पुण्याच्या आज्यांच्या सामानात अजूनही लोकरीचे गुंडे असतात, आणि पुण्यात जी कुंची हौसेपुरतीच होती तिला न्यू जर्सीच्या जानेवारीत प्रथमच खरे काम मिळते.

माझी सूचना साधी आहे आणि तिला खर्चही फार लागत नाही. शाळांतून कार्यानुभवाचा तास आजही आहे; त्या तासात मुलगे आणि मुली यांना एकत्र बसवून सुलट व उलट हे दोन टाके शिकवावेत आणि वर्षअखेरीस प्रत्येकाने घरातल्या एका माणसाचे माप घेऊन त्याच्यासाठी एक वस्तू विणावी, मग ती कानटोपी असो वा नुसती मफलर. गुण कसब पाहून द्यावेत, पण माप बरोबर घेतले की नाही हेही पाहावे. टाके मोजताना गणित आपोआप होईल, चूक झाली तर उसवून पुन्हा करता येते हे कळेल, आणि आपल्या वडिलांची छाती किती इंच आहे हे बारा वर्षांच्या मुलाला आयुष्यात एकदा तरी विचारावे लागेल.

राहता राहिले ते पन्नाशीचे सुस्कारणारे गृहस्थ. त्यांना शाळेत घालणे शक्य नाही, परंतु तुळशीबागेत लोकर आणि सुया अजून मिळतात, आणि शिकवणारी बहुधा त्यांच्या घरातच असते. आईच्या हातच्या स्वेटरची ज्यांना खरोखर आठवण येते त्यांनी या हिवाळ्यात सुस्कारा आवरावा, घरातल्या कोणाचे तरी माप घ्यावे आणि टाके घालावयास बसावे. पहिला स्वेटर बिघडेल, पण तो घालणाऱ्याने तो नावाजायचा असतो, हा नियम त्यांनाही लागू आहे.